फड्या निवडुंग, त्याचा किडा आणि मधली माणसं

निवडुंगाचं तण कसं माजलं आणि कसं आटोक्यात आलं, यावर लिहिणारे बहुतेक जण ऑस्ट्रेलियापासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. क्वीन्सलँडची हकिगत आहेच तशी: देशाएवढा मुलूख काट्यांनी गिळला आणि एका पतंगाच्या अळ्यांनी तो दहा वर्षांत मोकळा केला. पण या प्रश्नाचा पहिला अध्याय मद्रास-कलकत्त्यात लिहिला गेला आणि सर्वांत कडू अध्याय मादागास्करमध्ये. आज भारतात पुन्हा निवडुंगाची लागवड सरकारी कार्यक्रमात आली आहे. म्हणून हे सगळे अध्याय एकत्र वाचायला हवेत. कुठला निवडुंग, कुठला किडा आणि त्या निवडुंगावर कोणाचं पोट आहे, हे तीन प्रश्न दोनशे वर्षं पुन्हापुन्हा आले आहेत आणि त्यातला तिसरा नेहमी सर्वांत उशिरा विचारला गेला आहे.

आधी झाड. फड्या निवडुंगाचा फडा तोडून बांधावर टाकला तर तो मरत नाही. आठवडेच्या आठवडे उन्हात पडून राहतो, सुरकुततो आणि जमिनीला टेकलेल्या बाजूनं मुळं सोडतो. हा फडा म्हणजे पान नव्हे, ते चपटं झालेलं खोड असतं. काटे हे पानांचं बदललेलं रूप. बहुतेक झाडं दिवसा श्वासरंध्रं उघडतात, निवडुंग ती रात्री उघडतो. रात्रीच्या गारव्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा रंध्रं मिटून, साठवलेल्या मालावर अन्न तयार करतो. त्यामुळे पाणी फार थोडं उडतं आणि दुष्काळात शेजारची झाडं माना टाकत असताना हा वाढत राहतो. मोठे काटे दिसतात तरी; खरी पीडा त्यांच्या बुडाशी झुपक्यानं असलेल्या केसाएवढ्या कुसळांची. त्यांना उलटे दाते असतात. बोटात, जिभेत, गुरांच्या हिरड्यांत शिरली की निघत नाहीत. वर लालजांभळी, बियांनी गच्च भरलेली बोंडं. पक्षी, माकडं, गुरं आणि आफ्रिकेत हत्ती ती आवडीनं खातात आणि विष्ठेतून बिया कोसभर दूर नेऊन पेरतात.

हे कूळ मूळ अमेरिका खंडांचं. आपल्या डोंगरउतारांवरचा त्रिधारी निवडुंग किंवा कुंपणाचा शेर ही युफोर्बिया कुळातली, पांढऱ्या चिकाची, वेगळीच झाडं आहेत. फड्या मात्र समुद्रापलीकडून आला, आणि तो पसरण्यामागं मोठं कारण होतं लाल रंग.

मेक्सिकोत निवडुंगाच्या फड्यांवर कोचिनील नावाचे किडे पाळत. मादी जागची हलत नाही. पांढऱ्या मेणकट कापसाखाली सोंड खुपसून रस शोषत बसते. ती वाळवून दळली की गडद किरमिजी रंग मिळतो. एक पौंड कोचिनीलसाठी सुमारे ७०,००० किडे लागत. हा व्यापार स्पॅनिश साम्राज्याच्या मुठीत होता आणि युरोपातल्या राजवस्त्रांपासून ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांच्या लाल कोटांपर्यंत त्याला मागणी होती. ती मूठ सोडवण्याची धडपड इंग्रजांनी दोन ठिकाणी केली. १७८८ साली कॅप्टन आर्थर फिलिप यांच्या ताफ्यानं रिओ दि जानेरोहून किडे बसलेला निवडुंग ऑस्ट्रेलियाला नेला. त्याच सुमारास मद्रासमध्ये कंपनीचे वैद्यकीय अधिकारी डॉ. जेम्स अँडरसन यांनी सैदापेठेजवळ निवडुंगाची खास बाग उभी केली. रोपं होती, किडा नव्हता. तो १७९५ मध्ये आला: कॅप्टन नीलसन यांनी रिओहून आणलेले किडे कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात पोहोचले.

पण ती जात चुकीची निघाली. मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेला किडा वेगळा. हा रानटी होता, आकारानं लहान, रंगात हलका. रंगाचा धंदा काही उभा राहिला नाही. उलट किड्यानं आपली नेहमीची वनस्पती, म्हणजे मोनाकँथा जातीचा निवडुंग, खाऊन संपवायला सुरुवात केली. उत्तर आणि मध्य भारतात तो निवडुंग मागं हटला. मग १८३६ ते १८३८ या काळात तोच किडा दक्षिणेत मुद्दाम सोडला गेला आणि १८६३ नंतर लंकेत. एका देशातून दुसऱ्या देशात कीटक नेऊन तण मारण्याचा जगातला हा पहिला यशस्वी प्रयोग मानला जातो. नफा बुडाला म्हणून कंपनीनं तो हिशेबातून सोडून दिला. विज्ञानाच्या इतिहासात मात्र तो जमेच्या बाजूला आहे, आणि भारतीय वाचकाला तो माहीत नसावा याची मला खंत वाटते.

ऑस्ट्रेलियाला तो माहीत होता. तिथली आपत्ती वेगळ्या जातीची होती. फिलिपनं नेलेला मोनाकँथा फारसा उपद्रवी ठरला नाही. नंतर कुंपणासाठी, बागेसाठी आणि अडीअडचणीच्या चाऱ्यासाठी आणलेली स्ट्रिक्टा ही जात मात्र सुटली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ती घराभोवती कौतुकानं लावली जात होती. १९०० पर्यंत तिनं सुमारे ४० लाख हेक्टर व्यापले आणि १९२० च्या दशकाच्या मध्यावर क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्समध्ये मिळून सुमारे अडीच कोटी हेक्टर. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ तीन कोटी हेक्टरच्या आसपास आहे. यावरून अंदाज यावा. त्यातल्या निम्म्या भागात निवडुंग इतका दाट होता की माणूस किंवा गुरू आत शिरू शकत नव्हतं. शेतकरी घरंदारं सोडून गेले. सरकारनं १९०१ मध्ये उपाय सांगणाऱ्याला ५,००० पौंडांचं बक्षीस जाहीर केलं, १९०७ मध्ये ते दुप्पट केलं. कोणालाही ते मिळालं नाही.

मग तोडणं, जाळणं, रूळ फिरवणं आणि विष. डलाका इथल्या केंद्रात डॉ. जीन व्हाइट या वनस्पतीशास्त्रज्ञ बाईंनी १९१२ पासून चार वर्षं रसायनांच्या चाचण्या केल्या आणि सर्वांत परिणामकारक ठरली ती आर्सेनिकची संयुगं. आर्सेनिक आणि गंधकाम्ल यांचं मिश्रण एकेका झाडात टोचायचं किंवा फवारायचं. हात भाजत, कपडे विरत, आणि जमिनीच्या किमतीपेक्षा साफसफाईचा खर्च जास्त येई. बिया पसरवतो म्हणून एमू या मोठ्या पक्ष्यालाही मारण्याबद्दल इनाम लावलं गेलं. माणसाचा धीर सुटला की तो कोणावर शस्त्र उगारेल याचा हा नमुना.

१९१२ मध्ये क्वीन्सलँड सरकारनं दोन शास्त्रज्ञांना जगभर पाठवलं: टी. हार्वे जॉन्स्टन आणि हेन्री ट्रायन. निवडुंगाचे नैसर्गिक शत्रू शोधणं हे त्यांचं काम. लंका आणि भारतात त्यांनी कोचिनीलनं केलेला मोनाकँथाचा फडशा पाहिला. इथला किडा ऑस्ट्रेलियात नेला गेला आणि थोड्याच वर्षांत तिथला मोनाकँथा त्यानं साफ केला. स्ट्रिक्टाला मात्र त्यानं तोंडही लावलं नाही. माणसाच्या नजरेला दोन्ही काटेरी फडेच. किड्याला मात्र दोन्हींतला फरक पक्का ठाऊक होता.

या प्रवासात दक्षिण अमेरिकेत आणखी एक कीटक नजरेत भरला होता, कॅक्टोब्लास्टिस नावाचा करडा पतंग. १९१४ साली आणलेल्या अळ्या जगल्या नाहीत. महायुद्ध झालं, १९२० मध्ये निवडुंगासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झालं आणि १९२५ मध्ये अ‍ॅलन डॉड यांनी अर्जेंटिनातून सुमारे २,७५० अंडी पाठवली. ती ब्रिस्बेनला पोहोचली, पोसली गेली आणि वर्षभरात दोन पिढ्यांत त्यांची २५ लाखांच्या वर झाली. ऑस्ट्रेलियातला पुढचा सगळा पतंग त्या एका खेपेचा वंशज आहे.

या पतंगाचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. मादी अंडी एकावर एक रचत जाते, सत्तर-ऐंशी अंड्यांची एक काडी होते आणि ती थेट काट्यासारखी दिसते. त्यातून निघालेल्या अळ्या एकट्यादुकट्या कधीच आत शिरत नाहीत. कोवळ्या अळीला फड्याची जाड साल फोडणं आणि बाहेर वाहणारा चिकट रस ओलांडणं एकटीला जमत नाही. सगळ्या मिळून एकच भोक पाडतात आणि त्यातून आत जातात. आत त्या गर पोखरतात. बाहेरची साल पारदर्शक, पिवळट कातड्यासारखी उरते. पोकळीत जिवाणू आणि बुरशी शिरतात, फडा कुजून लोंबतो आणि अळ्या पुढच्या फड्यावर जातात. तोवर त्या नारिंगी-लाल झालेल्या असतात, अंगावर काळे पट्टे. प्रौढ पतंग काहीच खात नाही. त्याचं आयुष्य अंडी घालण्यापुरतं.

कागदाच्या पट्ट्यांवर चिकटवलेल्या अंड्यांच्या काड्या शेतकऱ्यांना वाटण्यात आल्या. त्यांनी त्या टाचण्यांनी फड्यांना टोचल्या. अब्जावधी अंडी अशी पोहोचली. १९३२ च्या सुमारास मोठमोठे पट्टे कोसळले, मग खोडांच्या बुंध्यातून पुन्हा फूट आली, पतंगांची संख्या अन्नाअभावी घटलेली होती आणि लोक घाबरले. पण पतंग पुन्हा वाढला आणि फूटही संपली. चिंचिला गावाजवळ बूनार्गा इथे १९३६ मध्ये गावकऱ्यांनी सभागृह बांधून त्याला या पतंगाचं नाव दिलं. त्या कृतज्ञतेत कुठेही अतिशयोक्ती नाही.

आता दख्खन. आपल्याकडे रंगाच्या बागेशी संबंध नसलेली डिलेनी ही जात कुंपण म्हणून, गावकुसाची राखण म्हणून पसरली होती. गावठाणाच्या कडेला, ओढ्याकाठी, पडीक वाड्यांत तिच्या जाळ्या माजल्या. साप-विंचवांचं आणि घाणीचं घर म्हणून आरोग्य अधिकारी तक्रार करत. पुण्यात नाना पेठेत निवडुंग्या विठोबाचं देऊळ आहे. मूर्ती निवडुंगाच्या जाळीत सापडली असं सांगतात आणि तुकोबांची पालखी तिथेच मुक्काम करते. जाळ्या किती जवळ होत्या हे त्या नावावरून कळतं. पण याच जाळ्यांनी दुष्काळात गुरं जगवली. फडे आगीवर धरून काटे-कुसळं जाळायची, कोयत्यानं तुकडे करायचे आणि कडब्यात मिसळून बैलांना घालायचे. कडबा संपलेल्या घरात त्याखेरीज काही नसे.

जुन्या किड्याला डिलेनी चालत नव्हती. म्हणून १९२६ मध्ये लंकेतून कोचिनीलची दुसरी जात दक्षिण भारतात आणली गेली आणि पुढच्या काही वर्षांत हजारो हेक्टरवरचा निवडुंग वाळला. तो किडा आजही आहे. कोरड्या दिवसांत गावाबाहेरच्या निवडुंगावर पांढऱ्या कापसाचे पुंजके दिसतात. त्यातला एक काडीनं चिरडून पाहावा, कागदावर किरमिजी ओघळ उमटतो. मोठा पाऊस हे पुंजके धुऊन टाकतो आणि झाड पुन्हा फुटतं. कोरडी वर्षं आली की किडा पुन्हा वरचढ होतो. झाड संपत नाही आणि माजतही नाही, हा समतोल शंभर वर्षं टिकून आहे आणि त्यावर दर वर्षी एक पैसा खर्च होत नाही. माझ्या मते जैविक नियंत्रणाची खरी कसोटी ही आहे.

इथवरचं वाचून कोणालाही वाटेल की किडा सोडावा आणि मोकळं व्हावं. मादागास्करनं त्याला उत्तर दिलं आहे. १७६९ मध्ये फ्रेंचांनी बेटाच्या दक्षिण टोकाला फोर्ट दोफँ इथे मोनाकँथा लावला. अंद्रुई या कोरड्या प्रदेशात तो पसरला आणि तिथल्या अंतांद्रुई पशुपालकांनी त्याला जीवनात सामावून घेतलं. ते त्याला राकेता म्हणत. उन्हाळ्यात काटे जाळलेले फडे गुरांना, बोंडं माणसांना, गावाभोवती आणि थडग्यांभोवती त्याचीच तटबंदी. फ्रेंच सैन्याला ही तटबंदी अडली, वसाहतीच्या कारभाऱ्यांना ती मागासलेपणाची खूण वाटली. १९२० च्या दशकात वनस्पतीशास्त्रज्ञ आंरी पेरिए द ला बाती यांच्या पुढाकारानं बेटावर कोचिनील सोडला गेला. दशक संपेपर्यंत दक्षिणेतला राकेता सडून गेला. लगेच पाऊस हुकला आणि १९३० च्या दुष्काळात गुरं मेली, माणसं मेली, उरलेली मजुरीसाठी दूर गेली. दुष्काळाला निवडुंगाचा नाश किती कारणीभूत आणि अवर्षण किती, यावर इतिहासकार वाद घालतात. पण कोरड्या वर्षांसाठी राखून ठेवलेला चारा नेमका कोरड्या वर्षाआधी नष्ट झाला, याबद्दल वाद नाही. त्या लोकांना कोणी विचारलं नव्हतं. आणि आज त्याच भागात स्ट्रिक्टा जात फोफावते आहे, जी राकेताइतकी उपयोगी नाही.

दक्षिण आफ्रिकेत विचारलं गेलं, निदान काहींना. तिथे फायकस-इंडिका जातीनं सुमारे नऊ लाख हेक्टर व्यापले होते, पण काटे नसलेल्या वाणांची लागवड करणारे शेतकरीही होते आणि पूर्व केपमध्ये इटोलोफिया नावानं रस्त्याकडेला बोंडं विकणाऱ्या बायकाही. त्यामुळे १९३३ मध्ये पतंग आणि १९३८ मध्ये कोचिनील सोडण्यापूर्वी बराच विरोध झाला. निवडुंग बराच हटला, पूर्ण नाही. मजा वेगळ्याच ठिकाणी झाली. क्रूगर राष्ट्रीय उद्यानात स्कुकुझा इथे १९५३ मध्ये शोभेसाठी लावलेली स्ट्रिक्टा जात बबून आणि हत्तींच्या पोटातून हजारो हेक्टरवर पोहोचली. देशात कोचिनील होताच, पण तो फायकस-इंडिकावर जगणारा वाण. स्ट्रिक्टावर तो पोसला जाईना. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातून त्याच जातीचा, पण स्ट्रिक्टावर वाढणारा वाण आणला तेव्हा काही वर्षांत चित्र पालटलं. एकाच जातीच्या किड्याचे दोन वाण दोन झाडांशी बांधलेले असतात, हे धोरण आखणाऱ्यांनी कोरून ठेवावं असं आहे.

पतंग मात्र इतका चोखंदळ नाही. १९५७ मध्ये तो कॅरिबियन समुद्रातल्या नेव्हिस बेटावर सोडला गेला, तिथल्या स्थानिक निवडुंगाचा कुरणांना त्रास होतो म्हणून. अमेरिका खंड हे निवडुंगाचं माहेर; तिथे तो सोडणं हा निर्णयच मला अक्षम्य वाटतो. बेटामागून बेट घेत १९८९ मध्ये तो फ्लोरिडात दिसला आणि तिथल्या मोजक्याच उरलेल्या दुर्मीळ निवडुंगांवर तुटून पडला. २००६ मध्ये तो मेक्सिकोच्या इस्ला मुहेरेस बेटावर आढळला. राष्ट्रध्वजावर निवडुंग आणि रोजच्या जेवणात त्याची भाजी असलेला तो देश. त्यांनी जिद्दीनं २००९ पर्यंत त्याचा नायनाट केला. धोका टळलेला नाही, कारण मुख्य भूमीवर तो आता टेक्ससपर्यंत आला आहे. कोचिनीलचंही तेच. मोरोक्कोत २०१४ मध्ये तो शिरला आणि शेतकऱ्यांनी लावलेले निवडुंगाचे मळे उजाड झाले. इथिओपियाच्या तिग्रेमध्ये रंगाच्या उद्योगासाठी आणलेला किडा बेलेस या फळझाडावर रोग बनून बसला. रंगासाठी किडा आणावा आणि त्यानं झाड खावं, ही १७९५ ची गोष्ट दोन शतकांनी पुन्हा घडली. फरक इतकाच की यावेळी झाड गरिबांच्या ताटातलं होतं.

केनियात लायकिपिया भागात वसाहतकाळात कुंपणासाठी आणलेली स्ट्रिक्टा आता मसाई पशुपालकांच्या चराईवर पसरली आहे. दुष्काळात शेळ्या-मेंढ्या बोंडं खातात, कुसळं तोंडात आणि आतड्यात रुततात, डोळ्यांत जाऊन जनावरं आंधळी होतात. २०१४ पासून तिथे योग्य वाणाचा कोचिनील सोडला जातो आहे. तिथल्या लोकांनी स्वतः मागणी केली, पिंजऱ्यांत किडे वाढवण्याचं काम गावात चालतं, आणि हत्तींनी आणखी बिया नेण्याआधी ते पुरेसं होईल का हा त्यांचा ताजा सवाल आहे.

आता आपल्याकडे वळू. गाजरगवतावर १९८४ मध्ये बंगळुरूत मेक्सिकन भुंगा सोडला गेला. पुढे तो सूर्यफुलावर दिसल्याच्या बातम्यांनी मोठा वाद झाला, तो आपल्याला आठवतो. निवडुंगाचा जुना अनुभव मात्र चर्चेतून गळून गेला. दरम्यान काटे नसलेला निवडुंग चारा म्हणून परत येतो आहे. झाशीची गवत-चारा संशोधन संस्था, जोधपूरची काझरी आणि पुण्याची बाएफ यांनी त्याच्या चाचण्या घेतल्या आहेत. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानं २०२२ पासून पडीक जमिनीवर तो लावून बायोगॅस करण्याचा विचार मांडला आहे. गुजरातेत काटेरी निवडुंगाच्या फिंडल्यांचा रस बाटलीत भरून विकला जातो. दुष्काळी तालुक्यातल्या शेळीपालकाला उन्हाळ्यात ओला चारा मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे आणि या लागवडीला माझा विरोध नाही.

पण काही कामं आधी व्हायला हवीत. काटे नसलेल्या वाणाचं बी रुजलं तर त्यातून काटेरी रोपं निघू शकतात. म्हणून बोंडं धरू न देता फड्यांची कापणी व्हावी आणि ओढ्यांच्या कडेला, वनहद्दीला खेटून लागवड टाळावी. ऑस्ट्रेलियानं फायकस-इंडिका वगळता या गटातले सगळे निवडुंग राष्ट्रीय महत्त्वाच्या तणांत घातले आहेत; कुठली जात आणतो हे नोंदवण्याची तेवढीच शिस्त आपल्या रोपवाटिकांना हवी, कारण शोभेच्या निवडुंगांचा बाजार आता गावोगाव आहे. आणि आपल्या डिलेनीवर जगणारा कोचिनील फायकस-इंडिकावर सहसा पोसला जात नसला, तरी मोरोक्को आणि ब्राझीलचे मळे खाणारा वाण बाहेरून आलेल्या एखाद्या फड्यावर बसून येऊ शकतो. त्यामुळे आयात होणारा प्रत्येक फडा विलगीकरणात ठेवून तपासला पाहिजे. लागवड सुरू करण्याआधी त्या गावच्या धनगरांना, शेळ्या राखणाऱ्या बायकांना विचारलं पाहिजे की कुठली जमीन चराईला लागते, आणि पुढे कधी किडा सोडायची वेळ आली तर हाच प्रश्न पुन्हा त्यांनाच विचारला पाहिजे.